दौतीचं मूळ गाव

मागच्या महिन्यात आमच्याकडे एका मोडी वर्गाच्या शेवटच्या दिवशी छोटंसं प्रदर्शन होतं. टेबलावर बोरू, टाक, वाळूची डबी, दोनचार पिवळे पडलेले कागद आणि मधोमध एक पितळी दौत, म्हणजे शाईचं भांडं, आणि दौतीखाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लेबल: 'मषीपात्र'. एक आजोबा बराच वेळ ते वाचत उभे होते, मग म्हणाले, अहो ही तर दौत आहे, हे काय लिहिलंय? लेबल लिहिणारा पोरगा म्हणाला, आजोबा, दौत परका शब्द आहे, मराठीच्या कार्यक्रमात शुद्ध शब्द नको का? झालं. त्या पुठ्ठ्याचा फोटो मोबाईलवर फिरला आणि पुढचा आठवडाभर ओळखीचे दोन गट एकमेकांवर तुटून पडले. एकाचं म्हणणं, दौत म्हणजे गुलामीची खूण, काढून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, शाई फारसी, दौत फारसी, कागद फारसी, कलम फारसी, म्हणजे फारसीवाले येईपर्यंत तुम्हाला लिहायला तरी येत होतं का? मी दोन्हीकडचं वाचून इतका वैतागलो की हे लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. दौत मराठी आहे, पूर्ण मराठी, त्यात 'पण' नाही. आणि दोन्ही गट एकच चूक करतायत, शब्द कुठल्या गावचा ते बघून माणसांबद्दल निकाल देतायत. शब्दाचं मूळ गाव शोधायला मला स्वतःला प्रचंड आवडतं, व्यसनच म्हणा, पण त्यावरून कोण कुणाचा गुलाम होता आणि कोण अडाणी होता हे कळत नाही. फार तर एवढं कळतं की कोण कुणाच्या कचेरीत कामाला होता.

आता गाव शोधायचंच तर नीट शोधू. दौत फारसी 'दवात' वरून आली, बरोबर. पण इराणातल्या एखाद्या शुद्धिवाद्याला विचारा, तो म्हणेल छे, दवात आमची नाहीच, अरबीतून आलेली. अरबीत खरंच आहे, आणि तिचं नातं हिब्रूतल्या 'देयो' म्हणजे शाई या शब्दाशी सांगतात. म्हणजे ज्याला आपण परका म्हणून बोट दाखवतोय तो ज्याच्याकडून आला त्याच्याकडेही पाहुणाच होता. अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी, आणि शेवटचा त तिथे थांबून बोलताना गळतो. फारसीने तो त पक्का धरला, पण फारसीत लिंगच नाही, त्यामुळे तिथे दवात ना ती ना तो. मराठीत आल्यावर ती परत 'ती' झाली! किंमत, दौलत, हरकत, इज्जत, सगळ्या याच वाटेने आलेल्या, सगळ्यांना तो त आहे आणि सगळ्या स्त्रीलिंगी. शिवाय आपण मधला 'वा' चेपून 'औ' केला आणि विभक्ती लावली, दौतीत, दौतीला, दौतीतली. तेहरानच्या माणसाला 'दौतीतली' ऐकवा आणि सांगा हा तुमचा शब्द आहे, बघा ओळखतोय का.

शेजारीपाजारी बघितलं तर अजून गंमत. हिंदी, उर्दू, पंजाबीत दवात, बंगालीत दोआत. गुजराती बाजूला होऊन 'खडियो' म्हणतो. मल्याळममध्ये मषिक्कुप्पी, कन्नडमध्ये मसिकुडिके, म्हणजे दक्षिणेत मसी, शाईचा जुना संस्कृत शब्द, टिकली, पण भांड्यासाठी त्यांनी आपापली बाटली नि मडकं वापरलं, 'पात्र' नाही घेतलं. तुर्कांकडे तर दोन शब्द. एक 'दिवित', तोच दवात, पण तिकडे तो कारकुनाच्या कमरपट्ट्यात खोचायचा, लेखण्यांची नळी आणि तिला जोडलेली शाईची डबी असा सगळा सरंजाम झाला, आणि आज टाकालाही दिवित म्हणतात. नुसत्या शाईच्या भांड्याला तुर्कीत शब्द आहे 'होक्का'. ओळखीचा वाटला ना? अरबी 'हुक्का' म्हणजे छोटी डबी किंवा भांडं, ती इस्तंबूलला गेली तर तिच्यात शाई भरली आणि आपल्याकडे आली तर तिच्यातून धूर निघाला. शब्द एकच. आता यातून तुर्कांच्या आणि आपल्या संस्कृतीबद्दल काय निष्कर्ष काढायचा? मला तरी एकही काढता येत नाही. (जाता जाता, हल्ली लोक 'कलम-दावत' असं टाइप करतात. दावत म्हणजे जेवणाचं आमंत्रण, तो वेगळाच शब्द आहे बाबांनो, कलमेला जेवायला बोलावू नका.)

आता शुद्धिवाल्यांची बाजू. तिची थट्टा करणं सोपं आहे, तशी आठवडाभर झालीही, पण ती बाजू वाटते तितकी फालतू नाही. फारसी शब्द मराठीत प्रेमाने आले नाहीत, राज्यकर्त्यांच्या दरबारातून आले, हे खरंच आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी जुनी पत्रं घेऊन त्यातले शब्द अक्षरशः मोजले आणि दाखवलं की सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पत्रात मराठी शब्द शोधावे लागतात, आणि शिवाजी महाराजांच्या काळापासून पारडं फिरतं. महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दहा वर्ग, जवळपास १४०० शब्द, फारसी-दखनीला संस्कृत प्रतिशब्द. हा राज्यकारभाराचा विचार होता, आपलं राज्य तर आपली परिभाषा. आणि विसाव्या शतकातलं सांगायचं तर सावरकरांचे दिनांक, महापौर हे शब्द आज त्यांचे कट्टर विरोधकही वापरतात. त्याहून मोठी गोष्ट, माधव जूलियन. या माणसाने फारसी शिकवली, १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश केला, गझल मराठीत रुजवली, आणि तोच माणूस पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे ही चळवळ फक्त फारसी न कळणाऱ्यांची होती असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे.

पण मग याच उदाहरणांकडे जरा पुढे जाऊन बघा ना. राज्याभिषेकाला प्रधानांची नावं बदलली, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, पेशव्याचा पंतप्रधान. आणि चाळीस वर्षांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ कोण झाला? पेशवा. शिक्क्यात 'प्रधान' कोरलेलं, आणि लोकांच्या तोंडी पेशवा, ते आजपर्यंत. दिनांकाचंही तेच. फॉर्मवर दिनांक लिहितो आपण, पण शेजारच्याला विचारताना 'आज दिनांक काय' असं कुणी विचारतं का? तारीखच विचारतो. यात कुणाची हार नाही. पाटीवर, शिक्क्यावर, फॉर्मवर जे असतं ते सत्ता ठरवू शकते, आणि ते चांगलंही ठरवते कधीकधी. हातात धरायच्या वस्तूचं नाव मात्र हातच ठरवतो.

हे माझं नुसतं हवेतलं म्हणणं नाही, तुर्कस्तानात याचा केवढा मोठा प्रयोग होऊन गेलाय. १९२८ मध्ये लिपी बदलली, १९३२ मध्ये भाषेसाठी संस्था काढली आणि अरबी-फारसी शब्द वेचून काढायला सुरुवात केली, तेही मागे पूर्ण सरकार उभं करून. काय झालं? शाळेला 'मेक्तेप' म्हणायचे त्याचं 'ओकुल' झालं, मास्तरांना 'मुअल्लिम' म्हणायचे त्यांचं 'ओरेत्मेन' झालं, आणि ते पक्कं बसलं, कारण शाळेवर पाटी सरकारची आणि मास्तरांना पगार सरकारचा. पण कलम? 'कालेम'च राहिली. पुस्तक 'किताप'च. वही 'देफ्तेर'च, जे आपलं दप्तर. शाई 'मुरेक्केप'च, अरबी मुरक्कब म्हणजे मिश्रण, आणि शिकल्यासवरलेल्या माणसाला तुर्क अजूनही 'शाई चाटलेला' म्हणतात त्यात तोच शब्द. किंमतही थोडीथोडकी नाही मोजली त्यांनी, खुद्द ही मोहीम काढणाऱ्या अतातुर्कचं १९२७ चं सहा दिवस चाललेलं भाषण पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून नव्या तुर्कीत उतरवून छापावं लागलं. इराणमध्ये १९३५ ला अशीच अकादमी निघाली, नगरपालिकेचं 'बलदिये' जाऊन 'शहरदारी' आलं, पण कलम-दवात दोन्ही जागच्या जागी. इराणी सरकारला दवात हलवता आली नाही आणि आपण पुठ्ठ्यावरच्या लेबलाने हलवणार?

बरं, शुद्ध म्हणून जे आणतो ते तरी कितपत शुद्ध? संस्कृतात शाईच्या भांड्याला 'मषिधानी'ही म्हणतात. ही 'धानी', राजधानीतली, आणि कलमदान, पिकदाणी, अत्तरदाणीतलं फारसी 'दान' या सख्ख्या बहिणी आहेत, प्राचीन इराणच्या हखामनी राजांच्या शिलालेखातही तो प्रत्यय सापडतो. मग संस्कृतात शाईला 'मेला' असाही एक शब्द आहे, तो ग्रीक 'मेलान' म्हणजे काळं यावरून आला असावा असं अभ्यासक म्हणतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'लिपी'. ज्या मोडी लिपीच्या वर्गात हे भांडण पेटलं ती लिपी! अशोकाच्या वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या लेखात 'लिपी'च्या जागी 'दिपी' आहे, आणि हा शब्द जुन्या फारसीतला, तिथे एलामीतून, त्याआधी अक्कदी आणि सुमेरीतून आलेला असं बहुतेक विद्वान मानतात. त्याच घरातला 'दबीर' म्हणजे लेखक, आपले सोनोपंत डबीर, आणि दिवाणखान्यातला दिवाणही त्याच घरातला. म्हणजे दौत काढून मषीपात्र ठेवलं तरी वरच्या बॅनरवर 'लिपी' आहेच, अडीच हजार वर्षांपूर्वी आलेली. तिला कुणी परकी म्हणत नाही कारण ती आली तेव्हा बघायला आपण नव्हतो, एवढंच.

आता दुसरा गट, त्यांनाही सोडायचं कारण नाही. त्यांचा युक्तिवाद असा की लिहायच्या वस्तूंची नावं फारसी, सबब लिहिणंच तिकडून आलं. हे ऐकून नाशिकच्या लेण्यांनी हसावं की रडावं? तिथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा, त्यात दानाची रक्कम श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवल्याचा हिशोब आहे, आणि हे सगळं निगमसभेत 'फलकवारे' म्हणजे नोंदींच्या दप्तरी नोंदवलं असं लिहिलंय. व्याजाचा दर आहे, नोंद आहे, आणि लेखणी बुडवायला काही नव्हतं? तक्षशिलेच्या सिरकपला खणताना शाईच्या दौती मिळाल्यात. गांधारातल्या भूर्जपत्रांवर शाईने लिहिलेले खरोष्ठी मजकूर जवळपास दोन हजार वर्षं टिकून आहेत. शिवमहिम्न म्हणणाऱ्याला विचारा, काळ्या डोंगराएवढं काजळ, समुद्राची दौत आणि पृथ्वीचा कागद अशी कल्पना त्यात आहे, तिथला शब्द 'सिंधुपात्र'. वस्तू होती, शब्द होता. नवीन शब्द आला म्हणून जुनी वस्तू नव्हती असं ठरत नाही, नाहीतर आपण 'बेडरूम' म्हणायला लागायच्या आधी झोपत नव्हतो असं म्हणावं लागेल.

मग जुना शब्द का मागे पडला? माझं उत्तर आहे कागद आणि कचेरी. दख्खनमध्ये चौदाव्या शतकापासून दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद बनायला लागला, जुन्नरलाही बनायचा, आणि ताडपत्राला जे परवडत नव्हतं ते कागदाला परवडायला लागलं, म्हणजे रोजचा हिशोब, रोजचं पत्र, रोजची नोंद. बहमनी, निजामशाही, आदिलशाही कचेऱ्या यावर चालल्या. आणि तिथे बसलं कोण होतं? आपलेच लोक! फिरिश्ता हा त्या काळचा इतिहासकार सांगतो की पहिल्या इब्राहिम आदिलशहाने, म्हणजे १५३४ ते १५५८ मधला, महसुलाच्या हिशोबातून फारसी काढून देशी भाषा आणली आणि ते काम ब्राह्मणांकडे दिलं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, वाकनीस या नावांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस तर अर्धा देशी अर्धा फारसी, चिठ्ठी आपली आणि नवीस त्यांचा. दौत हा शब्द घोडेस्वाराने भाल्याच्या टोकावर आणलेला नाही, तो संध्याकाळी कचेरीतून घरी येताना कारकून आपल्या उपरण्यात बांधून घेऊन आलाय, आणि घरी पोराला म्हणालाय, दौत सांडू नको रे. कचेरी सत्तेचीच होती, ते मी वर कबूल केलंय. पण दौतीतून निघालेलं पत्र मोडीत होतं आणि मराठीत होतं.

रामदासांचंच बघा. दासबोधात लेखनक्रियेचा एक अख्खा समास आहे, बरू कसे आणावेत, कागद, रंग, सगळं. तिथे शाईला 'मसी' म्हटलंय, अस्सल जुना शब्द. आणि त्याच समासात सामान सांगताना 'नाना जिनसी' असंही म्हटलंय, आणि जिन्नस अरबीतून आलेला. त्यांना काहीच अडलं नाही. कबीराची प्रसिद्ध ओळ, मसि कागद छुवा नाही, कलम हाती धरली नाही, या अर्थाची. एका ओळीत मसि संस्कृत, कागद फारसी, कलम अरबी, आणि ती कलम त्याही आधी ग्रीक. लिहिता येत नाही असं सांगायला त्याने तीन घरचे शब्द वापरले आणि ओळ कशी ठणठणीत आहे.

धर्माचा मुद्दा काढणाऱ्यांसाठी तर माझ्याकडे एकच उत्तर आहे, देव्हारा. बंगालमध्ये सरस्वतीपूजेला देवीपुढे दोआत-कलम मांडतात, दोआतीत दूध घालतात आणि बोरूसारखी खागाची लेखणी. प्रत्यक्ष वाग्देवीला हा शब्द चालतो. उत्तरेत यमद्वितीयेला कायस्थ चित्रगुप्ताची पूजा करतात तिला नावच कलम-दवात पूजा. दिवाळीत तिकडचे व्यापारी दवातीची पूजा महाकाली म्हणून करतात, शाई काळी म्हणून काली. आणि चित्रगुप्ताच्या मंत्रात शब्द आहे 'मसिभाजन', म्हणजे शाईचं भांडं. पुरोहित मंत्रात मसिभाजन म्हणतो, यजमान त्याच भांड्याला दवात म्हणतो, दोघं एकाच चटईवर बसलेले असतात आणि कुणी कुणाचं लेबल फाडत नाही. मषीपात्राला माझा विरोध अजिबात नाही. त्याची जागा आहे, मंत्रात आहे, कोशात आहे, ऐतिहासिक लेखात आहे. दौतीच्या डोक्यावर आणून बसवायला विरोध आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो मला खरंच अवघड वाटतो. एकजण म्हणाला, मग याच न्यायाने उद्या 'इंकपॉट'ही मराठी म्हणा की. मी दोन दिवस विचार केला यावर. प्रामाणिक उत्तर असं की हो, म्हणेन, जर लोक दोनशे वर्षांनी 'इंकपॉटीत बोरू बुडव' असं सहज म्हणायला लागले तर. पेन तर कधीच मराठी झालंय, माझं पेन की माझा पेन यावर घराघरात वाद आहेत, आणि परक्या शब्दाच्या लिंगावरून कुणी भांडत बसत नाही, घरातल्याच्याच बसतं. पण आज इंकपॉट आपण वाकवत नाही, जसाच्या तसा ठेवतो, आणि दौत शब्द माहीत असूनही ठेवतो, कारण त्याने जरा शिकल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगू का, इंग्रजीची काळजी असलीच तर ती एकेका नामाची करू नये. माझ्या सोसायटीतली नोटीस पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत इंग्रजीत येते, बँकेचं पत्र इंग्रजीत येतं, ज्या पोराने मषीपात्र लिहिलं त्याच्या निमंत्रणाचा मेसेजही इंग्रजीतच होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची दौत फारसी होती नि ओळ मराठी होती. आपली दौत संस्कृत करून घेऊ आणि ओळच नसेल, तर त्या दौतीत बुडवून लिहायचं काय?

प्रदर्शनातली ती दौत मी शेवटी उघडून बघितली. आत शाई वाळून खपली झालेली, चिंधीचा बोळा दगडासारखा. वर्गातली एक सातवीतली मुलगी म्हणाली, काका पाणी घालू का, आणि उत्तराची वाट न बघता तिने बाटलीतून धार सोडलीच. बोळा फुगला, काळं सुटायला लागलं. मागून ते आजोबा ओरडले, अगं बेताने, दौतीत पाणी जास्त झालं की अक्षर फुटतं. तिने बाटली बाजूला ठेवली, बोरू घेतला, बोळ्यावर टेकवला आणि कागदावर ओढला. फुटलंच अक्षर. आजोबांनी दौत कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, उन्हात ठेव तासभर.